आधी मशीनचं नाव सांग

लाडलेभाई गेल्याचं सांगायला त्यांचा थोरला मुलगा सायकलवरून आला, तेव्हा मी ओट्यावर मेथी निवडत बसले होते. सायकल भिंतीला न टेकवता तो तसाच हँडल धरून उभा राहिला आणि म्हणाला, "गयाफुफी, अब्बा पहाटे गेले." खरं सांगते, मला आधी रडू आलं नाही. राग आला. परवाच तर आमचं ठरलं होतं की येत्या जुमेरातीला, म्हणजे गुरुवारी, दोघांनी मिळून सरकारी दवाखान्यात जायचं. गेली कित्येक वर्षं आम्ही तसं जात होतो. आणि हा माणूस बुधवारीच निघून गेला... मी मेथी तशीच टाकून उठले.

बायका कबरस्तानात जात नाहीत, म्हणून मी त्यांच्या दारातच थांबले. पण दारातून जे पाहिलं ते सांगायलाच हवं. जनाजा उचलायला जी माणसं पुढं झाली, त्यातल्या निम्म्यांचे हात पुरे नव्हते. कुणाचा पंजा नव्हता, कुणाची चार बोटं नव्हती, एकजण लाकडी पायावर उभा होता. बाहेरगावचे एक नातेवाईक हळूच म्हणाले की धडधाकट माणसांनी पुढं व्हावं, मय्यत हलायला नको. लाडलेभाईंचा मुलगा त्यांना म्हणाला, "चाचा, खांद्याला कुठं बोटं लागतात?" आणि त्याच माणसांनी लाडलेभाईंना उचललं, जाफर गेटपासून कबरस्तानापर्यंत नेलं, एकदाही खाली न टेकवता. मी दारात उभी होते, डोळे वाहत होते आणि छाती मात्र अभिमानानं भरून आली होती. हे दोन्ही एकदम होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

आता चाळीस दिवस उलटून गेलेत. शेजारचे मास्तर म्हणाले, वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी चार ओळी लिहा. मी म्हटलं, चार ओळींत लाडलेभाई मावायचे नाहीत, आणि मी तोंडाची अशी फटकळ की लिहिताना बी ती खोड जायची नाही. मास्तर म्हणाले, मग जास्त लिहा. म्हणून हे.

निजामाचं राज्य होतं. आमचं घर जाफर गेटच्या आतल्या बाजूला, मी आणि माझी आई, दोघीच. माझं लग्न गंगापूरकडं झालं होतं, पण दुसऱ्याच वर्षी नवरा पटकीत गेला आणि मी आईकडं परत आले. वय असेल विशीचं. गावाबाहेर कापसाचं जिनिंग होतं, तिथं बायका मशीनच्या तोंडात कापूस टाकायच्या. रूळ फिरतो, रुई एका बाजूला पडते, सरकी दुसऱ्या बाजूला. रुळाच्या पुढं एक आडवी लाकडी फळी असायची, हात आत जाऊ नये म्हणून. पण फळी असली की कापूस जपून टाकावा लागतो, काम हळू होतं. त्या सालात कापूस धो धो आला होता. आमच्यावर देखरेख करणाऱ्या जमादारानं एका सकाळी सगळ्या मशीनच्या फळ्या काढून टाकल्या. तिसऱ्या दिवशी माझा उजवा हात कापसाबरोबर आत गेला. तीन बोटं तिथंच राहिली.

दवाखान्यात दुसऱ्या दिवशी कारखान्याचा मुन्शी आला. हैदराबादचा माणूस, मऊ बोलणारा, पाहुण्यासारखा खाटेजवळ उभा राहिला. त्यानं मोडक्यातोडक्या मराठीत विचारलं, "बाई, काय झाला?" मला ताप होता, औषधाची गुंगी होती. मी म्हटलं, "काय सांगू बाबा, गफलत झाली." तो उर्दूत लिहीत गेला. मग त्यानं कागद पुढं केला, माझ्या पट्टी बांधलेल्या हाताचा अंगठा शाईत बुडवून त्यावर उठवला. तीन बोटं गेली तरी अंगठा शाबूत होता. त्यांना तेवढाच हवा होता.

लाडलेभाई त्यानंतरच्या जुमेरातीला आले. उंच, काटकुळा माणूस, मिशीला तेल लावून पीळ दिलेला, आणि डावा हात कोपरापाशीच संपलेला. त्यांचा हात काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका कारखान्यात मशीनच्या पट्ट्यात गेला होता. तेव्हापासून ते जाफर गेटजवळ पानाची टपरी चालवायचे, एका हातानं पान लावायचे. मी त्यांना ओळखत नव्हते. मी भिंतीकडं तोंड करून पडले होते, आई पायथ्याशी रडत होती. ते स्टूल ओढून बसले आणि आईला म्हणाले, "अम्मा, नक्को रो. मुझे देखो." आईनं त्यांचा हात पाहिला आणि पदरानं डोळे पुसले.

पुढं त्यांनी मला कितीदा तरी सांगितलंय की ते हे का करायला लागले. "माझा हात गेला तेव्हा मोहल्ला लोटला होता गया. सगळे आले, रडले, संत्री ठेवून गेले. पन असा एक बी नाय आला ज्याला ठाऊक होतं की एका हातानं पायजम्याची नाडी कशी बांधायची. अकरा दिवस मी दुसऱ्याकडनं नाडी बांधून घेतली. त्यापेक्षा मेलेलं बरं वाटायचं." म्हणून दर जुमेरातीला टपरी बंद करून ते दवाखान्यात यायचे, आणि कारखान्यातला कुणी आला असला तर त्याच्याजवळ बसायचे. उपदेश करायचे नाहीत. नाडी बांधून दाखवायचे, एक टोक दातात धरून. आणि खिशातलं पान द्यायचे. त्यांचा एक नियम होता, पान संपेपर्यंत रडायचं, पान थुंकलं की कामाचं बोलायचं.

मी बाई, मला नाडी दाखवून उपयोग नव्हता. ते म्हणाले, "तुझ्याच नावाची एक है हमारे में. उद्या पाठवतो." दुसऱ्या दिवशी थोरली गयाबाई आली. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठी, डावा हात मनगटापासून गेलेला. मी तिला थोरली म्हणू लागले आणि ती मला धाकटी. ती गोड बोलणारी नव्हतीच. आल्या आल्या तिनं माझी वेणी सोडली, केस मोकळे केले आणि म्हणाली, "आता बांध." मी रडले. "रडून झाल्यावर बांध, मला घाई नाय." दुपारपर्यंत मी डाव्या हातानं आणि दातांनी अंबाडा बांधला, वाकडातिकडा. तिनं तो पुन्हा सोडला. मी तिला मनातल्या मनात अशा शिव्या दिल्या की लिहिता यायच्या नाहीत. आठ दिवसांत मला कासोटा खोचता येऊ लागला, आणि महिनाभरात परातीत भाकर थापता येऊ लागली. पहिली भाकर थोरलीनं मीठसुद्धा न लावता खाल्ली आणि म्हणाली, "लई जाड झाली." बस, तेवढंच कौतुक.

हाताची जखम भरून आल्यावर मी कारखान्याच्या फाटकावर गेले. कापूस टाकता नाही आला तरी निवडता येईल, असं मी ठरवून गेले होते. जमादारानं मला आत सोडलं नाही. म्हणाला, "तुझं नाव कटलं. तूच लिहून दिलंस कागदावर." मी म्हटलं, "मी काय लिहून दिलं? मला तर लिहिता येत नाय." तो हसला. मी तशीच तरातरा लाडलेभाईंच्या टपरीवर गेले.

लाडलेभाईंना उर्दू वाचता येत होतं. ते माझ्याबरोबर कारखान्याच्या कचेरीत आले, मुन्शीनं कागद काढून त्यांच्यापुढं ठेवला. त्यात लिहिलं होतं की बाईचा हात तिच्या स्वतःच्या गफलतीनं गेला. लाडलेभाईंनी तिथं काही वाद घातला नाही. बाहेर आल्यावर रस्त्यातच थांबले. "गया, क्या बोली तू मुन्शी कू? शब्द सांग. जो शब्द बोललीस तोच."

"गफलत झाली म्हनलं."

त्यांनी कपाळावर हात मारला. म्हणाले, "तुझी गफलत वेगळी, त्यांची गफलत वेगळी." आपण मराठीत गफलत झाली म्हणतो तेव्हा घोळ झाला, काहीतरी उलटसुलट झालं, एवढंच म्हणतो. दोष कुणाचा, ते त्यात नसतं. उर्दूत गफलत म्हणजे बेपर्वाई. माणसानं लक्ष दिलं नाही, हलगर्जी केली. मी सांगितलं की घोळ झाला. मुन्शीनं लिहिलं की मी बेपर्वा होते, आणि कारखान्याचा कुणी बेपर्वा नव्हता. मुन्शी वाईट माणूस नव्हता हो. त्यानं ऐकलं तेच लिहिलं.

लाडलेभाईंना वर्षानुवर्षं एक कोडं पडलेलं होतं. शहरातल्या उर्दू बोलणाऱ्या कामगारांचे कागद निदान धड असायचे, पण खेड्यातून आलेल्या मराठी माणसांच्या प्रत्येक कागदावर तोच एक शब्द. त्यांना वाटायचं, मुन्शी लोक पैसे खाऊन लिहितात. आता त्यांना कळलं की माणसं स्वतःच तो शब्द देत होती. थोरलीला विचारलं, तर तिनंही तेच म्हटलं होतं. टपरीपुढं बसणाऱ्या, आमच्यासारख्याच आणखी चौघांना विचारलं, त्यांनीही तेच. मला मात्र दुसऱ्यांचं काही सुचत नव्हतं. माझ्या डोक्यात एवढंच होतं की मी बेपर्वा नव्हते, आणि सरकारी कागद मला बेपर्वा म्हणतो. पोटाचं बघू, पण तो शब्द पुसला पाहिजे. मी ते लाडलेभाईंना तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "शब्द पुसला तर पोटाचंही होईल. शब्द राहिला तर काहीच नाय होणार."

कारखाने तपासायला हैदराबादहून एक इन्स्पेक्टर साहेब यायचे, डाकबंगल्यावर उतरायचे आणि तिथंच तक्रारी ऐकायचे. लाडलेभाईंनी माझा अर्ज उर्दूत लिहिला आणि दिला. ज्या दिवशी बोलावलं त्या दिवशी ते आमच्यासारख्या नऊ जणांना घेऊन आले. कुणी ओरडायचं नाही, फक्त व्हरांड्यात रांगेनं बसायचं, असं बजावून आणलेलं. मला त्यांनी खांबाआड बसवलं, म्हणाले, तुला ऊन लागेल. थोरलीला अगदी दारापाशी बसवलं. तिला ऊन लागत होतं, त्याची त्यांना काही पर्वा दिसली नाही.

आतून चपराशी आला. आपल्याच इकडचा माणूस, फुलंब्रीकडचा. त्यानं हाक दिली, "गयाबाई". मी उठायच्या आत दारापाशी बसलेली थोरली उठली, आणि चपराशानं तिलाच आत नेलं. मी खांबाआडून पाहत होते. साहेबांनी चष्मा चढवला, कागद पाहिला, थोरलीकडं पाहिलं. "काग़ज़ पे सीधा हाथ लिखा है. इसका तो बायाँ गया है. किसको ले आए तुम?" मुन्शी आणि कारखान्याचे मॅनेजर तिथंच बसले होते, तेही बुचकळ्यात. चपराशाचा चेहरा उतरला. हात जोडून तो पुटपुटला, "हुजूर, नावाची गफलत झाली."

लाडलेभाई दारात उभेच होते. ते आत गेले, अदबीनं सलाम केला आणि म्हणाले, "हुजूर, लिख लीजिए. आपका चपरासी अपनी ग़फ़लत कबूल कर रहा है. नौकरी से नाम काट दीजिए उसका."

साहेब चिडले. म्हणाले, यात त्याचा काय दोष, दोन बायका एका नावाच्या, घोळ झाला. लाडलेभाई म्हणाले, "हौ हुजूर, वही. हा माणूस मराठी आहे. त्यानं म्हटलं, घोळ झाला. उस बाई ने भी वही बोला था." आणि मग खांबाआडून मला बोलावलं. साहेबांनी मुन्शीला विचारलं, बाई नेमकं काय म्हणाली होती? मुन्शीनं, देव त्याचं भलं करो, खरं सांगितलं, की तिनं हाच शब्द वापरला होता, आत्ता चपराशानं वापरला तसाच. साहेब खुर्चीत मागं टेकले. त्यांनी कागदाकडं पाहिलं, चपराशाकडं पाहिलं, आणि मग ते हसायला लागले. असं हसले की मॅनेजरलाही हसावं लागलं. मी हसले नाही. मी म्हटलं, "साहेब, रुळापुढची फळी काढलेली होती. जमादारानं काढली. ती असती तर माझा हात आत गेला नसता."

मॅनेजर म्हणाले की फळ्या जागेवरच आहेत. साहेब म्हणाले, चला. मोटारीतून ते कारखान्यात गेले आणि आम्ही दहा जण मागं चालत. आम्ही पोचलो तेव्हा साहेब शेडमध्ये उभे होते. मशीनपुढं एकही फळी नव्हती. सगळ्या फळ्या कोपऱ्यात एकावर एक रचलेल्या होत्या, वर पोतं टाकलेलं, आणि शेजारी जमादाराचा चहाचा पेला. तो त्यांच्यावर बसायचा. माझी बोटं वाचवणारी फळी त्यानं बूड टेकायला घेतली होती. थोरली एवढंच म्हणाली, "बसायला चांगलीय." साहेबांनी तिथंच, मशीनवर कागद ठेवून, त्या शब्दावर स्वतःच्या हातानं रेघ ओढली आणि त्याजागी दुसरं लिहिलं. लाडलेभाईंनी मला मराठीत वाचून दाखवलं, की मशीनच्या पुढची फळी काढलेली असल्यामुळं बाईची बोटं गेली. मी त्यांना दोनदा वाचायला लावलं. पहिल्यांदाच कागदावर माझ्या आधी मशीनचं नाव आलं होतं.

सोमवारी मी फाटकातून आत गेले, कापूस निवडायच्या कामावर. जमादार बाजूला झाला. आत प्रत्येक मशीनपुढं फळी ठोकलेली होती, आणि बायका माझ्याकडं बघून हळूच हसत होत्या. मी मान वर करून चालले. त्या दिवशी मला कुणी राणीचा मुकुट दिला असता तरी मी घेतला नसता.

त्या दिवशी संध्याकाळी टपरीवर लाडलेभाईंनी सगळ्यांना पान खिलवलं. चपराशीसुद्धा आला होता. त्याची नोकरी जाऊ नये म्हणून लाडलेभाई साहेबांना आधीच भेटून आले होते. मी त्यांना विचारलं, तुम्ही थोरलीला मुद्दाम दारात बसवलंत ना? पान दुमडता दुमडता ते म्हणाले, "बैठने की गफलत हो गई होगी." पुढं मी हे त्यांना कितीतरी वेळा विचारलं, गोडीनं, भांडून, एकदा तर शपथ घालून. दर वेळी तेच उत्तर. थोरली मरेपर्यंत तीही काही बोलली नाही. माझी तर खात्री आहे. पण खात्री असणं वेगळं आणि त्या माणसानं कबूल करणं वेगळं.

त्यानंतर टपरीपुढचा एकेक माणूस आपापला कागद घेऊन गेला. सगळे जिंकले असं म्हणणार नाही, पण ज्या शब्दापुढं आधी सगळे हरत होते, त्याच्यापुढं आता कुणी हरत नव्हतं. आणि लाडलेभाईंनी दवाखान्यात नवा धडा सुरू केला. पान थुंकलं की ते म्हणायचे, "आता सांग काय झालं. पन आधी मशीनचं नाव सांग. मग तिला काय झालं ते सांग. तुझं नाव सगळ्यात शेवटी." माणूस सुरुवातीला स्वतःलाच दोष देतो, हे त्यांनी ओळखलं होतं. हात गेलेल्या माणसाला वाटतं की चूक माझीच असणार, नाहीतर असं का झालं असतं. मलाही तसंच वाटलं होतं.

मला म्हणाले, "मैं उर्दू में लिखतूं, तू मराठीत लिही. दोन कागद असले की एकाचा शब्द दुसऱ्यात हरवणार नाही." मी म्हटलं, मला लिहिता येत नाही, आणि उजवा हात तर असा. ते म्हणाले, "डावा कायको दिया अल्ला ने?" गल्लीतल्या एका मास्तरीणबाईंकडं मी वर्षभर बसले. अक्षर अजूनही कोंबडीनं पाय फिरवल्यासारखं आहे, पण वाचता येतं. निजाम गेला, राज्य बदललं, कचेरीत मराठी आली, गावाबाहेर नवे कारखाने उभे राहिले, आमची जुमेरात मात्र चुकली नाही. लाडलेभाईंना शेवटी शेवटी जिना चढवत नव्हता, तर ते खालच्या बाकावर बसायचे आणि मी वर जाऊन माणूस असेल तर त्याची खबर आणायची. चिडले की म्हणायचे, "तू लई बोलतेस, त्याला बोलू दे." खरंच होतं ते.

चाळिसावा झाल्यानंतरच्या गुरुवारी मी एकटीच गेले. जाताना टपरीवरून पान घेतलं. आता त्यांचा धाकटा नातू लावतो, चुना जरा जास्त टाकतो. वरच्या वॉर्डात एकजण होता, चाळिशीचा, अजिंठ्याकडचा, चिकलठाण्याच्या कारखान्यातला. उजव्या हाताची दोन बोटं गेलेली. त्याची बायको पायथ्याशी रडत होती. मी पदर बाजूला करून तिला माझा हात दाखवला, त्याला पान दिलं आणि वाट पाहत बसले. त्यानं पान थुंकलं.

"मिष्टेक माझीच झाली, आजी," तो म्हणाला.

"ते मी कुठं विचारलं? आधी मशीनचं नाव सांग."

"पावर प्रेस."

"पुढं?"

"मशीनचा गार्ड काढलेला होता."

"कुणी काढला?"

त्यानं दाराकडं पाहिलं. बायकोकडं पाहिलं. मी पेन उघडून मांडीवर कागद घेतला आणि गप्प राहिले. मला गप्प राहणं जमत नाही, पण राहिले. मग त्यानं नाव सांगितलं, सुपरवायझरचं, आडनावासकट.

"लिहू?" मी विचारलं.

"लिव्हा," तो म्हणाला.